आडनाव शोधू नकोस, आधी 'बेन' बघ

अरे बायबलातल्या नावांचे अर्थ शोधायला तू आडनावांपासून निघालास, ही सुरुवातच चुकीची केलीयेस, बायबलात आपल्यासारखी आडनावं नाहीतच मुळी, तिथे 'बेन' म्हणजे अमक्याचा मुलगा, यहोशवा बेन नून, म्हणजे नूनाचा मुलगा यहोशवा, झालं. कोहेन आणि लेवी आता आडनावं वाटतात पण कोहेन म्हणजे याजक, आणि लेवी हा याकोबाचा मुलगा, त्याच्यावरून अख्खा वंश.

लेवीचंच घे ना, बायबलातलं उत्पत्ति २९:३४ उघड, याकोबाची बायको लेआ त्याच्या जन्मानंतर म्हणते आता तरी नवरा माझ्याशी जडून राहील, आणि हिब्रूत 'जडणं'चा शब्द नि लेवी कानाला सारखेच लागतात, मराठीत वाचलं की ती गंमतच उडते बघ! म्हणून बाळाच्या नावांच्या साइटवरचे अर्थ कॉपी मारू नकोस, आधी ती ओवी वाच. याकोबचं तसंच, जन्मताना भावाची टाच धरलेली, टाच म्हणजे हिब्रूत 'आकेव', त्यावरून याकोब.

नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'एल' किंवा 'याह' दिसलं तर बहुतेक देवाचं नाव असतं, एलीया या संदेष्ट्याच्या नावात तर दोन्ही आहेत.

आणि पेणकर, रोहेकर वगैरे आपल्या बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आडनावं यात घुसडू नकोस, ती पेण-रोह्याची, गावावरून पडलेली.