ग्वान यूवर लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

ग्वान यू या चिनी सेनापतीवर, जो पुढे देव झाला, तू लिहिलेली टिपणं वाचली. सुरुवातीलाच पीचच्या बागेत तिघांनी भाऊ होण्याची घेतलेली शपथ आहे, ती आधी काढ. चेन शोऊच्या तिसऱ्या शतकातल्या इतिहासात ती नाही. ग्वान यूचा धनी ल्यू बेई, स्वतः ग्वान यू आणि त्यांचा साथीदार झांग फेई एकाच बिछान्यावर झोपत, भावांसारखे राहत, एवढंच तिथे आहे.

वहीत तीन रकाने आख. पहिल्यात चेन शोऊ, दुसऱ्यात त्या इतिहासावरच्या, 429 साली पुऱ्या झालेल्या पेई सोंगझीच्या टिपा, तिसऱ्यात बऱ्याच नंतरची, मिंग काळातली 'तीन राज्यां'ची कादंबरी. आपण अस्सल कागद आणि बखर वेगळी ठेवतो, तसंच. ग्वान यूने ह्वा श्युंग या शत्रूच्या सेनापतीला मारलं, हा प्रसंग तिसऱ्यात जातो. इतिहासात ते काम सुन ज्यान या दुसऱ्या सरदाराच्या फौजेचं. विषारी बाणाची जखम चिरून हाड खरवडलं जात असताना तो जेवत-पीत बसला होता, हे मात्र पहिल्यातलं. फक्त वैद्याचं नाव तिथे नाही. ह्वा तुओ कादंबरीने आणला, आणि तो तर तोवर मरून बरीच वर्षं झाली होती. 82 जिनांचं (जिन हे चिनी वजनाचं माप) शस्त्रही तिसऱ्यातच. ग्वान यूच्या काळातल्या हान मापाने ते 18 ते 20 किलो भरेल, मिंग मापाने 50च्या घरात.

निष्ठेचा खरा पुरावा इसवी सन 200चा आहे. पकडलेल्या ग्वान यूला ल्यू बेईचा शत्रू त्साओ त्साओ याने मान दिला, बक्षिसं दिली. ग्वान यूने त्साओ त्साओचा शत्रू यान ल्यांग याला मारून उपकार फेडले, बक्षिसं मोहोरबंद करून ठेवली, चिठ्ठी लिहिली आणि ल्यू बेईकडे निघाला. पाठलाग करू नका, असं त्साओ त्साओनेच सांगितलं. हा प्रसंग सविस्तर लिही. इथे कादंबरीची गरजच पडत नाही.

लेख बहुतेक वेळा फसतो तो 219 सालात, ग्वान यूच्या पराभवापाशी. भक्तिभावाने लिहिणारे सगळा दोष सुन च्वानचा सेनापती ल्यू मंग याच्या कपटावर ढकलतात. व्यापाऱ्यांच्या वेशातले नावाडी आणि होड्यांत दडवलेले सैनिक हे खरंच आहे. पण सुन च्वानने आपल्या मुलासाठी ग्वान यूच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा ग्वान यूने दूताला शिव्या घालून परत पाठवलं होतं. रसद वेळेवर न देणाऱ्या मी फांग आणि श रेन या आपल्याच अधिकाऱ्यांना 'परत आलो की बघतो' म्हणून धमकावलं, आणि त्या दोघांनी शत्रूला दरवाजे उघडले. मी फांग तर ल्यू बेईचा मेहुणा! पुढे ल्यू मंगने शहरातल्या सैनिकांच्या घरच्यांना सांभाळून घेतलं. ते कळताच ग्वान यूच्या फौजेची लढायची इच्छाच संपली. चेन शोऊने त्याचा अहंकार स्पष्ट नोंदवला आहे, तू तो झाकू नकोस.

देवपण हळूहळू आलं. 260 साली मरणोत्तर सरदारकी मिळाली, सम्राटपद थेट 1614 साली. ही दोन सालं शेजारी ठेव, मधली तेराशेहून जास्त वर्षं आपोआप दिसतील.

माझगावच्या चिनी देवळात वरच्या मजल्यावर तो आहे. जाशील तेव्हा वही ने. लांब दाढी पहिल्या रकान्यात, ल्यू बेईचा सल्लागार झुगे ल्यांग याच्या पत्रात तिचा उल्लेख आहे. लाल चेहरा तिसऱ्यात टाक.

तुझा
काका