आधी छप्पर, मग एक पावसाळा, मग भिंती

तुम्ही लिहिलंत त्यावरून कळलं ते असं: घर राजापूर तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं, बारा वर्षं बंद. भिंती खाली चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या), वर मातीच्या. छप्पर मंगलोरी कौलांचं. गणपतीपर्यंत आईंना घेऊन कायमचं राहायला जायचंय आणि गवंडी म्हणतोय, डागडुजीत पैसे घालू नका, पाडा आणि स्लॅब टाका.

आमचं घर शेजारच्या लांजा तालुक्यात. तेही नऊ वर्षं बंद होतं. २०१७ मध्ये आम्ही दोघं डोंबिवली सोडून तिथे राहायला आलो ते आजतागायत तिथेच आहोत. त्या अनुभवावरून सांगतो: पाडू नका. आणि छप्पर आधी करा, पण भिंती-जमिनीला एक पूर्ण पावसाळा बघितल्याशिवाय हात लावू नका.

पाडण्याचा निर्णय गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. एक ओळंबा (दोरीला बांधलेलं गवंड्याचं वजन) घ्या आणि चारही कोपऱ्यांत लावून बघा. भिंत बाहेर कलली असेल, जोतं एका बाजूला खचलं असेल, कोपऱ्यातली चीर आरपार असून हाताची बोटं आत जात असतील, तर तेवढी भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल. फक्त गिलाव्याला भेगा असतील तर ते घराचं दुखणं नाही. स्लॅबचं म्हणाल तर गावात एक फेरी मारा आणि वर बघा. निम्म्या स्लॅबवर लोकांनी पुन्हा पत्र्याची शेड उभारलेली दिसेल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट छतावर तो चार महिने मुरतो आणि मग उतरतं छप्पर घालावंच लागतं. तुमच्याकडे ते आहेच.

छप्पर तपासायची सोपी रीत आहे. भर दुपारी दारं-खिडक्या लावून माजघरात उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की वरून कवडसे दिसायला लागतील. ते जमिनीवर जिथे पडतात तिथे खडूने खुणा करा आणि फोटो काढा. मग माळ्यावर चढा आणि जिथून कवडसे येतात तिथले वासे आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सगळ्यात आधी वाशांची टोकं बघा, जिथे ती भिंतीवर टेकतात. लाकूड मधून खणखणीत वाटतं आणि टोकाला भुसा झालेला असतो. वाळवी मातीच्या भिंतीतूनच वर चढते, तिला तिथे आयती वाट मिळते.

बंद घराचं लाकूड इतक्या लवकर का जातं, हे मला शेजारच्या काकांनी समजावलं. पूर्वी चुलीचा धूर रोज सकाळ-संध्याकाळ कौलांपर्यंत जायचा. वासे काळे पडायचे, त्यावर काजळीचा थर बसायचा, आणि भुंगा, वाळवी त्या धुराला टिकायची नाही. घर बंद झालं, चूल विझली, आणि ते राखण गेलं. आमच्या स्वयंपाकघरावरचे काळे वासे आजही शाबूत आहेत. पडवीवरचे, ज्यांना धूर कधी लागला नाही, ते सगळे बदलावे लागले. तुम्ही गॅस घेऊन जालच, पण मागील दारी न्हाणीघराची चूल चालू ठेवा. पाणीही तापेल.

कौलं उतरवताना एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्या. ठणठण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर त्याला केसाएवढी चीर आहे, ते बाजूला. उलटं करून कारखान्याचा शिक्का बघा. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे अनेक कारखाने झाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. जुनं आणि नवं कौल एकमेकांत नीट बसत नाही आणि त्या फटीतूनच गळतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी फुटलेल्या कौलांच्या जागी नवी घातली आणि पहिल्याच आषाढात सात ठिकाणी बादल्या ठेवल्या. आता तुम्ही असं करा: चांगली निघालेली सगळी जुनी कौलं एकाच बाजूला लावा आणि दुसरी बाजू पूर्ण नवी करा. जुनी कमी पडली तर पंचक्रोशीत कुठे ना कुठे घर पाडणं चालू असतं, तिथून त्याच शिक्क्याची मिळतात. पश्चिमेकडच्या उतारावर कुठली लावायची ते नीट ठरवा, कारण वारा-पाऊस तिकडून येतो.

माकडांचा त्रास तुमच्या गावात असेलच. आमच्याकडे कळप आला की दहा-बारा कौलं जातात. काही जण आता खाली पत्रे घालून वर कौलं मांडतात. खर्च वाढतो, पण कौल फुटलं तरी पाणी घरात येत नाही आणि कौलामुळे पत्रा फारसा तापतही नाही. पैसे असतील तर मी हेच करा म्हणेन. नुसता पत्रा मात्र नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडकडे आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि श्रावणातल्या सरीत पत्र्याखाली दोन माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आईंचा विचार करा.

हे सगळं मे संपायच्या आत व्हायला हवं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्या गावाची शाकारणी चालू असते, तेव्हा सुतार आणि कौलं चढवणारी माणसं मिळत नाहीत. डिसेंबरातच त्यांच्याशी बोला, लाकूड आणून टाका, फेब्रुवारीत काम सुरू करा.

आता भिंती. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आल्या आल्या ओटी आणि माजघराच्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, वर पांढरा ऑइलपेंट. दिसायला सुंदर. श्रावणात खालून दोन फुटांपर्यंत फोड आले. दुसऱ्या वर्षी गिलाव्याची पापडी हाताने निघाली आणि आतली माती ओल्या चिखलासारखी लागली. मातीची आणि जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि उघड्या अंगाने ते सोडूनही देते. वर सिमेंट आलं की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. ते सगळं खरवडून काढायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात चांगलं न्हाणीघर झालं असतं. मग लाल माती, भाताचं तूस आणि शेण कालवून आतून गिलावा केला आणि वर चुना दिला. बाहेरून चुन्याचा गिलावा. पाच वर्षं झाली, फोड नाही.

पण ओल मुळात येत कुठून होती? ते कळायला पावसात छत्री घेऊन घराभोवती उभं राहावं लागलं. बंद घराच्या भोवती पालापाचोळा, वरून वाहून आलेली माती साचत राहते. आमच्या मागच्या बाजूचं अंगण जोत्याच्या जवळजवळ वरपर्यंत आलं होतं. पागोळ्यांचं पाणी तिथे पडून सरळ मातीच्या भिंतीवर उडत होतं. आम्ही मागची दीड फूट माती काढली, पागोळीच्या रेषेत चर खणून तो उतारावरच्या पऱ्ह्याला (लहान ओढ्याला) जोडला आणि पश्चिमेच्या पडवीला जुन्या पद्धतीने झावळ्यांचे झाप बांधले. निम्मी ओल तिथेच थांबली. हे काम दोन गड्यांचं आणि चार दिवसांचं. म्हणून म्हणतो, पहिला पावसाळा बघण्यासाठी ठेवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला त्याच जागांचे फोटो काढा. गणपती नव्या छपराखाली, जुन्याच भिंतींच्या घरात जरूर आणा. भिंतींचं काम दिवाळीनंतर.

जमिनीचंही तसंच. सरसकट चकचकीत टाइल्स घालू नका. पावसाळ्यात त्यांना घाम सुटतो आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. आईंच्या खोलीत खरखरीत लादी घाला, ओटी सारवलेली राहू द्या.

संडास घराला लागून आणि आत दांडीसह हवा, आईंसाठी यात तडजोड चालणार नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर आणि विहिरीच्या खालच्या अंगाला खणा. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. विहीर मे महिन्यात उपसून गाळ काढा. तेव्हा किती झरे जिवंत आहेत तेही कळतं. वायरिंग सगळं नवं करा, जुन्यातलं काहीही वापरू नका. अर्थिंग घरामागच्या ओलसर जागी घ्या.

कागदांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण ते सगळ्यात आधी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वडिलांचं नाव आहे, ही मालकी नव्हे, तो घरपट्टीचा उतारा आहे. सातबारा काढा. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर काका आणि आत्याही वारस आहेत. लाखभर रुपये घालण्याआधी सगळ्यांना एकदा घरी बोलवा, काय दुरुस्त करणार आहात ते दाखवा आणि संमती लिहून घ्या. आमच्या घरात हे काम छप्पर झाल्यावर निघालं आणि धाकट्या आत्याशी दोन वर्षं बोलणं बंद राहिलं. तिला हिस्सा नको होता. तिला विचारलं नाही, एवढंच तिचं दुःख होतं.

काम सुरू करण्याआधी जागेवाल्याला (जागेच्या राखणदार देवाला) नारळ ठेवा आणि त्या दिवशी भावकीला चहाला बोलवा. माझी श्रद्धा असो-नसो, त्या सकाळी वाडीतल्या सात-आठ जणांनी येऊन आढं कुठे वाकलंय, कुठल्या कोनाड्यात साप राहतो, आजीने पागोळीचं पाणी कुठून काढलं होतं, हे सगळं आपणहून सांगितलं.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तीन गोष्टी करून या: कवडशांचे फोटो, चारही कोपऱ्यांचा ओळंबा, आणि दोर सोडून विहिरीतलं पाणी किती फूट आहे त्याचं माप. मागच्या भिंतीच्या पायथ्याचाही एक फोटो काढा, जोतं जमिनीपासून किती वर दिसतंय ते कळेल असा. ते पाठवलंत की कुठले वासे बदलायचे ते बघून सांगतो.