वाटेतला माल

प्रश्न : नववीच्या मुलांना कुठल्याही गुंतागुंतीच्या प्रश्नावर उपाय विचारला, की 'जनजागृती करा', 'दंड लावा' हीच उत्तरं येतात. प्रणाली-विचार, म्हणजे सुट्या भागांऐवजी त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध पाहणं, वर्गात शिकवायचा कसा?
– एक विज्ञानशिक्षिका, सातारा

उत्तर : व्याख्या नंतर. आधी मुलांना एखाद्या प्रणालीत अडकू द्या. त्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्रा. जे (Jay) फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास घडवलेला 'बिअर गेम' हा माल मागवण्या-पुरवण्याचा खेळ घ्या. शाळेत अर्थातच बिअर नको, बिस्किटांचे खोके. आणि खोका म्हणून चिंचोका.

चार टेबलं ओळीने लावा : दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. प्रत्येकाकडे १२ चिंचोके शिल्लक. टेबलांमधल्या वाटेवर खडूने दोन चौकटी, प्रत्येकीत ४. म्हणजे माल दोन आठवड्यांनी पोचतो. कारखान्यालाही तयार मालासाठी तशाच दोन चौकटी. दर आठवड्याला आलेला माल घ्या, मागणीची चिठ्ठी उघडा, माल पाठवा, शिल्लक किंवा थकबाकी लिहा, मग आपली मागणी लिहून चिठ्ठी कारखान्याच्या दिशेने पालथी सरकवा. ती पुढचा गडी पुढच्या आठवड्यात उघडतो. पहिल्या आठवड्यासाठी ४ ची चिठ्ठी आधीच ठेवा. शिल्लक खोक्याला आठवड्याला आठ आणे खर्च, थकलेल्याला एक रुपया. बोलणं बंद, नाहीतर खेळच उरत नाही.

ग्राहकाची मागणी फक्त तुम्हाला ठाऊक : पहिले चार आठवडे ४, पाचव्यापासून कायम ८. पन्नास आठवडे खेळणार असं सांगा आणि ३६ व्याला थांबवा. शेवट माहीत असला की मुलं मुद्दाम साठा संपवतात.

आता मागण्यांचे आलेख काढायला लावा. कारखान्याचा हेलकावा बहुधा सर्वांत मोठा निघतो. ग्राहकाची मागणी कशी असेल, याचा अंदाज मुलांना आधी रेखाटू द्या. बहुतेक जण लाटा काढतात. खरी आकृती म्हणजे एकच पायरी, हे पाहिल्यावर एकमेकांना दिलेले दोष आपोआप गळतात. चूक बहुतेकांची एकच असते : हातातला साठा मोजला, पण मागवलेला आणि वाटेत असलेला माल विसरले, म्हणून पुन्हा पुन्हा मागवत राहिले. या चर्चेला वेगळा तास द्याच. घाईत ती उरकली तर हाती फक्त गोंगाट उरतो.

नवकल्पना इथून सुरू होते. प्रत्येक गटाला एक नियम बदलू द्या : वाटेतली एक चौकट पुसा, किंवा ग्राहकाची मागणी फळ्यावर लिहा. (मागणी उघड करूनही हेलकावा पुरता जात नाही, हे मुलांना चक्रावून टाकतं.) पुन्हा खेळून, तेवढ्याच आठवड्यांच्या एकूण खर्चाची तुलना करा. दोन नियम एकदम बदलू देऊ नका. फरक कशाने पडला ते कळत नाही.