वॉशिंग मशीनच्याच पॉइंटवर कपड्यांचा ड्रायर चालवला तर चालेल का?

नाही. मल्टीप्लग लावून दोन्ही एकत्र तर मुळीच नाही. सहा-सात किलोचा ड्रायर साधारण 2200 वॉटच्या आसपास असतो, म्हणजे 230 व्होल्टला साडेनऊ अँपिअर, तेही तास-दीड तास सलग. फ्रंट लोड मशीन पाणी तापवायला लागलं की तेवढंच आणखी घेतं. बेरीज सॉकेटच्या 16 अँपिअरच्या पुढे जाते आणि सॉकेट तापतं. ड्रायरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा. वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची, अंतर जास्त असेल तर चारची. 16 अँपिअरचं सॉकेट, त्याचा स्वतःचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. एवढं तुम्हाला कोणीही सांगेल. मी लिहितोय ते हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरसाठी.

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याचं. जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत पडवीतल्या दोरीवरचं काही धड वाळत नाही. आई बाबांच्या बनियनवर इस्त्री फिरवून फिरवून ते सुकवायची. म्हणून 2018 साली मी पुण्याहून ड्रायर पाठवला. फोनवर दादाला एवढंच विचारलं, "पडवीत अर्थिंग आहे ना?" तो म्हणाला, "आहे रे, वायरमन बघून गेलाय."

अर्थिंग नव्हतं. पडवीचं वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं, दोनच वायरींचं. वायरमनला सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला लावायला हिरवी वायर मिळाली नाही, म्हणून त्याने न्यूट्रलमधून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीतून, एक तुकडा काढून तिथे जोडला. मग फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून दाखवला. दिवा लख्ख पेटला. दादाचं समाधान झालं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. पट्टीवर एक जुना सांधा होता, वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली. ड्रायरच्या लोडने तो रोज तापत गेला आणि एक दिवस त्यातली न्यूट्रल सुटली. ड्रायर मधेच बंद पडला. आईला वाटलं लाइट गेली. पण फेज येतच होता. तो हीटरमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून थेट मशीनच्या पत्र्यावर आला होता. आई अनवाणी, पडवीची फरशी ओली. वरच्या कडेचा रंग उडाला होता तिथेच तिचा हात पडला. ती मागे फेकली गेली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी ईसीजी काढून रात्रभर ठेवून घेतलं. ती वाचली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो. मेन पाडून सॉकेट उघडलं. दोन पेरांएवढा काळा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूखाली, दुसरं अर्थच्या. इतका नीट वाकवून बसवलेला की हात सरावाचा आहे हे दिसत होतं. त्या माणसाने आणखी किती घरांत हे केलं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे, की ड्रायर खराब होता, त्याच बोर्डावर पंचवीस वर्षं फ्रिज चालला. मशीन नंतर तपासून घेतलं, हीटर आणि मोटर दोन्ही ठणठणीत. फ्रिज चालला कारण तोवर न्यूट्रल सुटली नव्हती, बस. अंगणात खड्डा खणून अर्थिंगसाठी अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरला, नवीन लाइन ओढली, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच. पुढच्या पावसाळ्यात तो सारखा पडायला लागला तर दादाने वायरमनकडून त्याला बायपास करून घेतला! कारण काय, तर बाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरलं होतं. होल्डर बदलल्यावर आरसीसीबी एकदाही उगाच पडला नाही. आरसीसीबी पडतो तेव्हा घरात कुठेतरी करंट गळत असतो. ती जागा शोधायची सोडून आरसीसीबीच काढून टाकणाऱ्याशी मी वाद घालत नाही, असं मी म्हणतो, पण दर दिवाळीला घालतोच.

तुमच्या घरी काय बघायचं ते सांगतो. नुसता दिवा पेटला यावर विश्वास ठेवू नका, न्यूट्रलमधून घेतलेल्या खोट्या अर्थवरही तो पेटतो. आधी आरसीसीबी बसवून घ्या, मग वायरमनला ड्रायरच्या सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये दिवा लावायला सांगा. अर्थ खरा असेल तर आरसीसीबी त्या क्षणी पडतो. दिवा शांतपणे पेटत राहिला तर एक तर आरसीसीबी नादुरुस्त आहे किंवा आत तुकडा आहे. सॉकेट उघडायला लावा आणि स्वतः उभं राहून बघा. हिरवी वायर सॉकेटपासून मेन बोर्डापर्यंत सलग गेलेली दिसली पाहिजे.

मी स्वतः वायरमन नाही. हे वाचून स्वतः सॉकेट उघडू नका, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तोही बघा, गीझर, एसी आणि ड्रायर एकदम चालणार असतील तर तो वाढवून घ्यावा लागेल.

आता ड्रायर भिंतीवर टांगायचं आणि वाफेचं. मशीन तीसेक किलोचं असतं. विटेची भिंत ते पेलते, पातळ पार्टिशनवर टांगू नका. आमच्या जांभ्यात ड्रिल मारलं की भोक भुसभुशीत होतं, म्हणून आम्ही लोखंडी स्टँडच केला. वाफेची नळी खिडकीबाहेर काढा, आखूड आणि सरळ. बाल्कनी बंद असेल आणि नळी आतच सोडली तर आठवड्याभरात भिंतीला बुरशी धरेल. जाळीवरचा कापसासारखा लगदा प्रत्येक वेळी काढायचा, तो साचला की हवा अडते, मशीन तापतं आणि तोच लगदा पेट घेऊ शकतो. आमच्याकडे ते काम आई करते. आधी सॉकेटचं बटण बंद करते, पिन काढून हातात धरते, मगच जाळीला हात लावते.