पर्मनंट ४८ हजार की काँट्रॅक्टवर ६५ हजार?

दादा, तुमचा मेसेज वाचला. ऐरोलीत पर्मनंट नेटवर्क ॲडमिन, ४ वर्षं ४ महिने झाले, हातात ४८ हजार, बेसिक २८ हजार, आणि आता रबाळ्याच्या एका डेटा सेंटरसाठी व्हेंडर (माणसं पुरवणारी मधली कंपनी) ११ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर ६५ हजार देतोय, पीएफ नाही मेडिक्लेम नाही, घरी बायको, छोटी मुलगी आणि शुगर असलेली आई. सरळ सांगतो, ६५ ला जाऊ नका.

१७ हजार जास्त दिसतायत पण तेवढे नाहीयेत हो. आत्ता तुमचे ३,३६० पीएफला कापतात आणि तेवढेच कंपनी टाकते, म्हणजे तुमची खरी कमाई ५४,७२० झाली, फरक उरला १०,२८०. आता सुट्ट्या बघा, काँट्रॅक्टवर घरी बसलात की त्या दिवसाचे अडीच हजार गेले (६५ हजार भागिले महिन्यातले कामाचे २६ दिवस), वर्षाला १८ सुट्ट्या धरा, मुलगी लहान आहे म्हटल्यावर लागणारच, तर ४५ हजार तिथेच साफ. महिन्याला राहिले साडेसहा हजार, वर्षाचे ७८ हजार. आणि ११ महिन्यांनी रिन्यूअल लटकलं, एक महिना बिनपगारी गेला, की त्यातलेही ६५ हजार उडाले, हाती १३ हजार. त्यात आईंसकट पॉलिसी? कठीणच आहे.

आईंचंच मला जास्त टेन्शन आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांची शुगर आत्ता कव्हर होते असं तुम्ही लिहिलंय, बाहेर नवीन पॉलिसी काढलीत तर आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं. पर्मनंट राहिलात तरी त्यांची वेगळी पॉलिसी आत्ताच सुरू करा, वेटिंग नोकरीत असतानाच संपू दे.

काँट्रॅक्टवरच्या टीडीएसचं (पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स) घाबरू नका, १० टक्के कापला तर महिन्याला ५८,५०० येतील, आणि नव्या टॅक्स रिजिममध्ये या कमाईवर टॅक्स बसत नाही त्यामुळे रिटर्न भरलं की परत मिळतील, पण तोपर्यंत घर ५८,५०० मध्येच चालवायचंय.

आणि ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम! ५ वर्षं भरली की २८ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, साधारण ८० हजार होतात. काही हायकोर्टांनी ४ वर्षं २४० दिवसही ५ वर्षं म्हणून धरलेत पण प्रत्येक एचआर ते मानेलच असं नाही, तेवढ्यासाठी कोर्टात कोण जाणार. ८ महिने थांबा ना सरळ. डोंबिवलीचा फ्लॅट मनात आहे म्हणालात तेही लक्षात ठेवा, पगारदाराला बँक सॅलरी स्लिप बघून लोन देते, काँट्रॅक्टवाल्याकडे दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

या ८ महिन्यांत करायचं काय तर सीसीएनपी, सिस्कोचं नेटवर्किंगमधलं वरचं सर्टिफिकेशन. कोअर म्हणजे मुख्य पेपर ४०० डॉलर, दुसरा ३००, वर टॅक्स. स्वस्त नाहीये, पण तुमच्या सीसीएनएची (त्याच्या खालचं सर्टिफिकेशन) मुदत संपत आलीय आणि नुसता कोअर पास झालात तरी ते रिन्यू होतं, म्हणजे सीसीएनएचे ३०० डॉलर परत घालायला नकोत. दिवसभर व्हीलॅनची (नेटवर्कचे आतले भाग) तिकिटं म्हणजे तक्रारी आणि पोर्ट अप-डाऊन करून पुढचा पगार वाढणार नाही हे तुम्हालाही माहितीये. क्लासला लाखभर देऊ नका, ईव्हीई-एनजीवर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर) घरीच लॅब लावा.

व्हेंडरला मात्र तोडू नका. ८५ हजार आणि दोन्हीकडून ६० दिवसांची नोटीस मागून बघा, क्लायंटने रिलीज केलं तर बेंचचा, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंतचा, पगार कोण देणार तेही मेलवर लेखी घ्या. एवढं मिळालं तर मला परत लिहा, मग गणित नव्याने मांडू. आणि उद्या तुमच्या एचआरला विचारा, सर्टिफिकेशनची फी परत देतात का, आणि देत असतील तर त्यावर बाँड (नोकरी न सोडण्याची अट) किती महिन्यांचा.