‘रक्ताच्या डॉक्टरकडं’ म्हणजे कॅन्सरच का?

सांगलीत माझ्यासमोर बसणाऱ्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. फॅमिली डॉक्टर हिमॅटॉलॉजिस्टकडे म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवतात आणि घरात चूल पेटेनाशी होते.

तासगावकडची सुवर्णा (नाव बदललंय) अशीच आली. द्राक्षबाग, लग्नाला दोन वर्षं, आता मूल हवं होतं. कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन दहाच्या वर सरकेना. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तिनं पर्समध्येच ठेवली होती.

“मॅडम, कॅन्सरच असणार की ओ.”

“घाबरू नका” असं मी कुणालाच म्हणत नाही. भीतीला मी पुरावा मागते. म्हटलं, “चिठ्ठी वाच.”

तिनं अडखळत वाचलं: गोळ्यांनी फरक नाही, तांबड्या पेशी लहान, थॅलेसेमियाची तपासणी करावी.

“यात कॅन्सर कुठं आहे?”

“नाही.”

“मग आला कुठून?”

बराच वेळ ती बोलली नाही. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला वर्षानुवर्षांच्या कामानं शिकवलंय. मग म्हणाली, “काकांना अशीच चिठ्ठी दिली होती. मिरजेला नेलं, परत आलेच नाहीत.” आणि रडता रडता स्वतःच थांबली. “म्हंजे मी काकांच्या चिठ्ठीला भितेय.”

हे वाक्य मी तिच्या तोंडात घातलं नव्हतं, याचं मला समाधान आहे. आजाराच्या भीतीखाली बहुधा घरातलं एखादं न बोललेलं मरण असतं. ते बोललं गेलं की पाय आपोआप दवाखान्याकडे वळतात.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणाऱ्या रक्ततपासणीत, निघालं थॅलेसेमिया मायनर. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट तयार न होणं; मायनर हे त्याचं सौम्य रूप. हा आजार नव्हे, आई किंवा वडिलांकडून आलेला गुण. त्यात लोह कमी असल्याचं तपासणीत दिसलं तरच लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. नवऱ्याची तपासणी मात्र मी आग्रहानं करायला लावली, कारण दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि त्या बाळाला सहसा आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. नवरा मायनर नव्हता. सासूबाईंनी “सुनेच्या रक्तात दोष” म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही बोलावून घेतलं. तो वेगळा विषय.

कॅन्सर नसेलच, असं वचन मी देत नाही. क्वचित असतोही, आणि तेव्हा लवकर कळणं फार मोलाचं असतं. म्हणून गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, प्लेटलेट पुन्हापुन्हा दीड लाखाच्या बऱ्याच खाली येत असतील, पांढऱ्या पेशी कारणाशिवाय वाढलेल्याच राहत असतील, मार न लागता काळेनिळे डाग उठत असतील, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल किंवा मानेतल्या गाठी आठवडे उलटूनही बसत नसतील, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, “रक्तविकारतज्ज्ञांना दाखवू का?” रक्तस्राव थांबतच नसेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. एरवी जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. एका आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला, हे डॉक्टर आधी बघतात.