शेवटच्या पोराचे मार्क दोनदा का येतात? फाइल आणि लूपची प्रश्नोत्तरे

फाइलमधून डेटा वाचायचा लूप (प्रोग्राममध्ये तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) या एकाच विषयावर तेच ते प्रश्न येतायत, म्हणून यावेळी सगळे एकदम घेतो. तुमचा कोड मी बघितलेला नाही, त्यामुळे खालचं वाचून झाल्यावरही लॅबमधल्या सर-मॅडमना प्रत्यक्ष दाखवाच.

प्रश्न : पायथॉनमध्ये फॉर लूपने फाइल प्रिंट केली की प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते. फाइल खराब झालीय का?

नाही, ओळीच्या शेवटी न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं अदृश्य चिन्ह) असतेच आणि प्रिंट स्वतःची अजून एक टाकतो, शेवटची न्यूलाइन काढणारा आरस्ट्रिप लाव.

प्रश्न : एकाच फाइलवर दोन लूप लावलेत. पहिला नीट चालतो, दुसऱ्यात काहीच येत नाही. मित्र म्हणतो एकदा वाचली की फाइल लॉक होते.

मित्राला विचारणं बंद कर. कॅसेट शेवटपर्यंत वाजली की रिवाइंड करावी लागायची, तसंच आहे हे (कॅसेट बघितली नसशील तर घरी विचार). दुसऱ्या लूपच्या आधी सीक (वाचायची जागा बदलणारं फंक्शन) वापरून शून्यावर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला जा.

प्रश्न : सी भाषेत मार्कांची फाइल वाचतोय. व्हाइलमध्ये नॉट एफईओएफ (म्हणजे फाइल संपली नाही तोवर फिर) आणि आत एफस्कॅनएफ (फाइलमधून आकडा वाचणारं फंक्शन). शेवटच्या मुलाचे मार्क दोनदा येतात. जर्नलमध्ये असंच आहे. सिनियर म्हणतो काउंटमधून एक वजा कर. उद्या सबमिशन आहे.

उद्या सबमिशन आणि आज विचारतोयस, असो. हा लूप मी इतक्या जर्नलमध्ये बघितलाय की आता राग पण येत नाही. म्हणजे येतो.

एफईओएफ भविष्य सांगत नाही रे. फाइल संपलीय का हे तो पुढे डोकावून बघत नाही, आधीचं वाचन शेवटाला जाऊन धडकलं होतं का एवढंच सांगतो. समज फाइलमध्ये ५०, ६०, ८० आहेत आणि ८० नंतर एंटर मारलेला आहे. ८० वाचून झाले, पुढे एंटर दिसला म्हणून वाचन तिथेच थांबलं, शेवट अजून लागलेलाच नाही, म्हणून लूप परत आत जातो, एफस्कॅनएफला काही मिळत नाही, व्हेरिएबलमध्ये जुने ८० तसेच पडून असतात आणि तू ते बेरजेत परत मिळवतोस. बेरीज १९० ऐवजी २७०, सरासरी ६३.३३ ऐवजी ६७.५. पोरं खूश होतील, पण चूक ती चूकच.

आता सिनियरचा जुगाड बघ. ८० नंतर एंटर नसेल तर आकडा वाचतानाच शेवट लागतो आणि तोच लूप बरोबर उत्तर देतो! तिथे एक वजा केलास की एक मुलगा गायब. ‘माझ्या पीसीवर तर चालतं’ म्हणतात ते यामुळेच. आणि गैरहजर मुलापुढे कोणी एबी लिहिलं असेल तर आकडा वाचणारा एफस्कॅनएफ तिथेच अडकतो, शेवट कधी येतच नाही, प्रोग्राम फिरत बसतो.

उपाय एका ओळीचा आहे: वाचन हीच लूपची अट कर. एफस्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या तो आकडा परत देतो, एक वाचायची असेल तर तो १ असेपर्यंत फिर, रोल नंबर आणि मार्क असतील तर २ असेपर्यंत. ओळी वाचायच्या असतील तर ओळ वाचणारं एफगेट्स नल (म्हणजे काहीच मिळालं नाही) देईपर्यंत. पास्कल या जुन्या भाषेत ईओएफ वाचायच्या आधीच शेवट सांगतं, तिथे ओळ-ओळ वाचताना हा लूप बरोबर होता, सवय तिकडूनच आली असावी असा माझा अंदाज. जर्नलमध्ये बदल करायच्या आधी मॅडमना विचार, मार्क त्या देणार आहेत, मी नाही.

प्रश्न : क्लासवाले म्हणतात फाइल हँडलिंग ‘अॅडव्हान्स मॉड्यूल’ आहे, फी वेगळी. घेऊ का?

नको. उघड, वाच, बंद कर, यात अॅडव्हान्स काय आहे? उद्या फॉर लूपची पण वेगळी पावती फाडतील.

प्रश्न : मराठी नावं-पत्त्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली फाइल) पायथॉनमध्ये वाचली की विंडोजवर भलतीच अक्षरं येतात, आणि काही ओळींचे कॉलम सरकतात.

दोन वेगळे आजार आहेत. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या, एक्सेलमधून आलेली असेल आणि पहिल्या कॉलमच्या नावाच्या आधी अदृश्य चिन्ह चिकटत असेल तर यूटीएफ-८-सिग. कॉलम सरकतात कारण पत्त्यातच स्वल्पविराम आहे आणि तुम्ही प्रत्येक स्वल्पविरामावर ओळ तोडणारं स्प्लिट वापरताय, सीएसव्ही मॉड्यूल वापरा. पण टायपिंग जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झालं असेल तर यातलं काहीच चालणार नाही, आधी कन्व्हर्ट करावं लागेल, ज्याने टाइप केलं त्यालाच विचारून घ्या.

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांची फाइल वाचायची होती, चुकून डब्ल्यू मोडने उघडली. चार दिवस झाले, फाइल रिकामीच दिसते. प्रोग्राम परत चालवला तरी तेच. परत मिळेल का?

चार दिवस! डब्ल्यू म्हणजे लिहायचा मोड, तो उघडताक्षणीच फाइल रिकामी करतो, वाचायला आर असतो. मेल, पेन ड्राइव्ह, कोणाच्या व्हॉट्सअॅपवर जुनी कॉपी आहे का आधी बघा. नसेल तर त्या कॉम्प्युटरवर नवीन काहीही सेव्ह न करता डेटा रिकव्हरीवाल्या जाणकाराकडे आजच न्या, मिळेलच असं मी सांगू शकत नाही. आणि तो प्रोग्राम कृपा करून परत चालवू नका.